पडवीतली चेतक

मृगाला आठवडा उरला होता. पडवीतली सुकी लाकडं आणि फुलांच्या रिकाम्या टोपल्या आत घ्यायला गेलो, तेव्हा कोपऱ्यातल्या ताडपत्रीला हात लागला. ताडपत्रीखाली बाबांची चेतक उभी होती. मी ताडपत्री ओढून काढली, सीटवरची धूळ पुसली आणि जुन्या सवयीने उजवा पाय किकवर ठेवून दाबला. किक हललीच नाही. दगडावर पाय ठेवावा, तसा तो जागच्या जागी राहिला.

बाबा असताना ही किक पहाटे साडेतीनला आमच्या घराला जागं करत असे. म्हणून त्या न हललेल्या किकने मला घटकाभर पडवीच्या पायरीवरच बसवलं.

आमची वाडी निर्मळच्या बाजूला. घरामागे केळी, पुढे सोनचाफा, मोगरा आणि जास्वंदीच्या रांगा, कडेला बावखल. ज्यांनी बावखल पाहिलं नाही त्यांना सांगतो. पावसाचं पाणी धरून ठेवायला वसईच्या वाड्यांत जुन्या माणसांनी ही तळी राखली. पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची, मग पाणी सावकाश जमिनीत मुरायचं आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरींना उतरायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आमच्या विहिरीचं पाणी गोडं राहिलं, त्यात या बावखलाचा वाटा मोठा.

वाडीतला माल मुंबईला जायचा. भाजी, केळी, दूध, पानं, फुलं असं सगळं पहाटेच्या लोकलने. आमच्याकडे मुख्य पीक जास्वंदीच्या कळ्यांचं. कळी झाडावर असो की टोपलीत, दिवस वर आला की ती उमलणारच, आणि उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. त्यामुळे दादरच्या फुलबाजारात ती उजाडायच्या आत पोचायला हवी. बाबा आधी सायकलच्या कॅरिअरवर टोपली बांधून नालासोपारा स्टेशन गाठत. पावसात, वाऱ्यात, अंधारात. एखाद्या दिवशी चाक पंक्चर झालं की त्या दिवसाची सगळी कळी घरी परत येई आणि आई ती देवाला वाहून टाकी.

म्हणून बाबांनी स्कूटर नोंदवली. नोंदवली हाच शब्द. तेव्हा स्कूटर दुकानात जाऊन विकत घ्यायची वस्तू नव्हती. पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची आणि वाट पाहायची. बजाजने १९६०पासून इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवल्या. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया निघत असे. कारखाने आपल्याच राज्यात, तरीही मागणी इतकी की लोक वर्षानुवर्षं थांबत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, म्हणून आखातात नोकरीला असलेल्या मुलांच्या घरासमोर ती आमच्याआधी उभी राहिली. बाबांनी नोंदणी केली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. १९८६ साली गाडी आली तेव्हा मी पाचवीत होतो.

तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. गाडी पासिंग करायला ठाण्याला जावं लागलं. पालघर जिल्हा व्हायला अजून २८ वर्षं होती. वाहनांच्या पाटीवर एमएच ही अक्षरंसुद्धा तेव्हा यायची होती. ती आली १९८९मध्ये. पुढे आमच्या भागात एमएच ०४ आणि नंतर एमएच ४८ असं लिहिलेल्या गाड्यांचे लोंढे आले, पण आमच्या चेतकच्या कपाळावर अजून ती जुनीच पाटी आहे.

गाडी आली त्या संध्याकाळी अर्धी आळी खळ्यात जमली होती. हार, नारळ, पेढे झाले. मग बाबांनी मला जवळ बोलावलं आणि पहिली गोष्ट दाखवली ती हॉर्न किंवा गिअर नव्हे. सीटच्या खालचा पेट्रोलचा कॉक दाखवला. "रात्री गाडी लावली की हा बंद. सकाळी काढायच्या आधी चालू. हे तुझं काम." मी ते काम दहावी होईपर्यंत केलं.

पहाटेचा क्रम ठरलेला असे. मी कॉक उघडायचा. बाबा चोक ओढायचे. मग गाडी स्टॅन्डवरून उतरवून अंगावर झुकवायचे, म्हणजे टाकीच्या तळाचं पेट्रोल तोटीकडे सरकायचं आणि कार्ब्युरेटरमधला फ्लोट हलून थोडं जास्त पेट्रोल आत उतरायचं. मग ॲक्सिलेटरला हात न लावता एक किक, दोन किक. तिसरीला इंजिन बोलायचं. निळसर धूर खळ्यात पसरायचा, आवाज आधी अडखळता, मग भरदार, आणि भरदार झाला की चोक आत. टोपली दोन पायांच्या मध्ये, दुसरी मागच्या सीटला दोरीने. लाल दिवा बावखलाच्या वळणापर्यंत दिसायचा.

चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, दीडशे सीसीला थोडं कमी. त्यात पिस्टनला आणि क्रँकला लागणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे, लिटरमागे २० मिलिलिटर. पंपावर ऑइलचं वेगळं यंत्र असे, दांडा फिरवला की मापाने ऑइल पडे. बाबा आधी ऑइल टाकायला लावत, मग त्यावर पेट्रोल, म्हणजे ते नीट मिसळतं. पंपावरचा मुलगा घाईत असला तरी ते ऐकत नसत. गाडी दोन्ही बाजूंना हलवूनच पुढे काढत.

डिक्कीत कायम असलेल्या वस्तू मला आजही मोजता येतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मायकोचा जादा प्लग, प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, क्लचची वायर, दोरी आणि कापडाचं फडकं. रविवारी दुपारी प्लग निघायचा. त्याच्या टोकाचा रंग पाहून बाबा गाडीची तब्येत सांगत. चहासारखा तपकिरी असला तर सगळं ठीक. काळा आणि ओला असला तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त पडतंय. पांढरट असला तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे इंजिन तापतंय, ताबडतोब बघायला हवं. वैद्याने जीभ पाहावी, तसं ते पाहणं होतं.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्कूटर रस्त्यात बंद पडली की माणूस एकटा पडत नसे. सोपाऱ्याच्या नाक्यावर, उमराळ्याच्या रस्त्यावर, कुठेही. पहिला येणारा विचारी, "पेट्रोल आहे ना? रिझर्व्हला घेतलंत?" दुसरा म्हणे, "प्लग काढा." तिसरा खाली बसून प्लग बॉडीला टेकवून धरी आणि म्हणे, "मारा किक, करंट बघू." हा क्रम सगळ्यांना पाठ होता. आधी पेट्रोल, मग करंट, मग हवा, मग कॉम्प्रेशन. इंजिनाला जगायला एवढ्याच चार गोष्टी लागतात, आणि बंद पडलेल्या इंजिनात यांपैकी एखादी तरी नसते. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे तर्कशास्त्र येत होतं. भाजीवाला, शिक्षक, कोळी, पोस्टमन, सगळ्यांना.

बाबा २०१६ साली गेले. त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांनी गाडी फारशी काढली नव्हती. ते गेले आणि ती पडवीत गेली. मी ताडपत्री घातली, हात जोडले आणि एक मोठी चूक केली. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं आणि कॉक उघडाच राहिला. ज्याला लहानपणी कॉक बंद करायचं काम दिलं होतं, त्याच्याच हातून तो उघडा राहिला.

पुढे २०१८चा जुलै आला. १० जुलैला वसई-विरार पाण्याखाली गेलं. नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या रेल्वेगाडीतल्या प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, वीज गेली, लोकल थांबल्या. आमच्या आसपासची काही बावखलं तोवर भराव टाकून बुजवली गेली होती. जे पाणी पूर्वी त्यांत विसावायचं, ते त्या वर्षी आमच्या पडवीत आलं. चेतकची चाकं बुडाली, सायलेन्सर बुडाला. पाणी ओसरल्यावर मी गाडी वरून पुसली. आत काय गेलं असेल याचा विचारच केला नाही. माणसांची, धान्याची, वायरिंगची काळजी आधी होती.

हे सगळं पायरीवर बसून आठवलं आणि मी पापडीच्या मिस्त्रींना फोन केला. बाबांची गाडी पंचवीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांनी गॅरेज बंद करून बरीच वर्षं झाली, त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढे. मी म्हटलं, "काका, चेतक चालू करायची आहे. किक जाम आहे." पलीकडून प्रश्न आला, "पाय दिलास का जोरात?" मी म्हटलं, "एकदाच." "आता देऊ नकोस. मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने आले, हातात कापडी पिशवी. आधी गाडीभोवती एक फेरी मारली. मग गाडी न्यूट्रलला आहे का ते पाहिलं आणि ढकलून बघितली. मागचं चाकही फिरेना. "दोन वेगळे आजार आहेत, एक समजू नकोस," ते म्हणाले. चाक अडकलं होतं ब्रेकमुळे, लायनर गंजून ड्रमला चिकटला होता. ड्रमवर लाकडाने हलके ठोके दिल्यावर चाक सुटलं. इंजिन मात्र खरोखर जाम होतं. सायलेन्सरमधून पुराचं पाणी पिस्टनपर्यंत पोचलं होतं आणि रिंगा बोअरला धरल्या होत्या. अशा वेळी किकवर जोर लावला तर रिंग तुटते, बोअरला चरा पडतो आणि वाचणारं इंजिन मरतं.

त्यांनी प्लग काढला. तो गंजाने लाल झाला होता. त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण पळीभर आत सोडलं, भोकाला कापडाचा बोळा लावला आणि म्हणाले, "आता तीन दिवस किकला पाय लावायचा नाही." त्या तीन दिवसांत रोज संध्याकाळी मी आणखी थोडं मिश्रण सोडत राहिलो.

मधल्या दिवसांत पेट्रोलची वाट साफ केली. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा ओळखीचा वास नव्हताच, जुन्या व्हार्निशसारखा आंबूस दर्प होता. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मिलाफ. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. मागे राहतो तो चिकट होत होत गोंदासारखा बसतो. टाकी खोलली, उघड्यावर, चुलीपासून लांब नेऊन रिकामी केली. आत गंज होता. मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून आम्ही ती आळीपाळीने हलवली, पाच-सहा खेपा झाल्यावर आतला पत्रा दिसू लागला. पेट्रोलची नळी काडीसारखी कडक झाली होती, ती नवी घातली.

कार्ब्युरेटर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून खोलला. प्रत्येक भाग निघाला तसा डावीकडून उजवीकडे ओळीने मांडला, म्हणजे बसवताना उलट वाचत यायचं. फ्लोटच्या वाटीत तपकिरी खळ बसली होती आणि जेटचं भोक बंद होतं. मी तार घ्यायला उठलो, तर काकांनी थांबवलं. जेट पितळेचा, मऊ. तारेने भोक कणभर जरी मोठं झालं तरी माप कायमचं बिघडतं. जेट रात्रभर साफ पेट्रोलमध्ये भिजवला, सकाळी फुंकर मारून उन्हाकडे धरला. सुईच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला. त्या उजेडाने मला जो आनंद दिला, तो मी शब्दांत सांगू शकणार नाही.

हवेची वाट तर आमच्या वाडीनेच बंद केली होती. एअर फिल्टरचा भुगा झाला होता आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. ज्याला श्वास सोडायला जागा नाही, ते इंजिन श्वास घेणार तरी कसं? माती काढली, सायलेन्सर उतरवून आतली काजळी झटकली, नवा फिल्टर बसवला. वायरिंग उंदरांनी दोन जागी कुरतडलं होतं, तेही जोडलं.

चौथ्या दिवशी काकांनी इंजिनाच्या पंख्यावरचं झाकण काढलं आणि पंखा दोन्ही हातांत धरला. पुढे केसभर, मागे केसभर. पुन्हा पुढे. घाई नाही. अर्ध्या तासाने तो पाव फेरा फिरला, मग अर्धा, आणि मग एकदम सैल होऊन पूर्ण फिरला. प्लगच्या भोकातून गंजाचं लाल तेल बाहेर आलं. पावसाळ्यात बंद राहिलेला विहिरीचा पंप पहिल्यांदा सुरू केल्यावर येतं, तसं.

मग करंट. मॅग्नेटच्या आतले पॉइंट समुद्राच्या हवेने हिरवे-काळे पडले होते. पॉलिश पेपरने घासले, गेजने फट लावली. संध्याकाळी पडवीतला दिवा घालवून, टाकी दूर ठेवून, प्लग बॉडीला टेकवला आणि मी किक मारली. ठिणगी पडली, पण पिवळी, अशक्त. काका म्हणाले, "कंडेन्सर गेलाय." विरारमध्ये जुन्या सुट्या भागांचं दुकान अजून आहे, तिथून आणला. नंतरची ठिणगी निळी होती आणि टक् असा आवाज देणारी.

शेवटी कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने किक मारायची. अंगठा फेकला गेला पाहिजे. माझा अंगठा नुसता हलला. काकांनी चमचाभर ऑइल आत टाकून पुन्हा किक मारायला लावली, या वेळी अंगठा उडाला. ऑइलने दाब वाढला याचा अर्थ रिंगा नीट बसत नाहीत. तरी चालू होण्यापुरता दम होता.

ताज्या पेट्रोलमध्ये नेहमीच्या दुप्पट ऑइल मिसळून अर्धा लिटर भरलं. कॉक, चोक, गाडी अंगावर झुकवली. सहाव्या किकला चेतक बोलली. पण आनंद मिनिटभरच टिकला. ॲक्सिलेटर बंद असूनही आवाज आपोआप चढू लागला, चढतच राहिला. काकांनी झटक्यात ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन बंद पाडलं. "क्रँकची ऑइल सील कडक झालीय. तिथून फुकटची हवा आत येते. पेट्रोल कमी, हवा जास्त. असं दहा मिनिटं चाललं तर पिस्टन जळेल." टू-स्ट्रोक इंजिन खूप काळ उभं राहिलं की हा आजार ठरलेला, आणि घाईचा माणूस नेमका इथेच फसतो. चालू झाली म्हणजे बरी झाली असं नव्हे.

इंजिन उतरवून सील बदलल्या, रिंगा बदलल्या, बोअर हाताने साफ केला. आठवडा गेला. मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेल्यावर, ओल्या मातीच्या वासात, आम्ही पुन्हा किक मारली. दुसऱ्या किकला ती सुरू झाली. आधी अडखळली, मग आवाज भरला. तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला, "अरे, चोक आत कर आता."

आई कधी स्कूटर चालवायला शिकली नाही. डिक्कीतला पाना तिने हातात धरला नसेल. पण वर्षानुवर्षं पहाटे चुलीपुढे बसून तिने तो आवाज ऐकला होता, आणि आवाज भरला की चोक आत जातो हे तिच्या कानांना ठाऊक होतं. काका माझ्याकडे बघून काहीच बोलले नाहीत. मी चोक आत केला.

आज माझ्या मुलीकडे नवी स्कूटर आहे. ती बटणावर सुरू होते, धूर करत नाही, लिटरमागे आमच्या चेतकपेक्षा जास्त पळते. एप्रिल २०२०पासून बीएस सहा हे मानक लागू झालं, कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, त्याजागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि त्याला हुकूम देणारा छोटा संगणक आला. हे चांगलंच झालं. टू-स्ट्रोकमध्ये बरंच पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जात असे, आणि तो धूर आम्हीच श्वासातून घेत होतो. त्या धुराची आठवण मला प्रिय असली, तरी तो पुन्हा शहरभर यावा असं मी म्हणणार नाही.

पण मुलीची गाडी एकदा महिनाभर उभी राहिली आणि नंतर रस्त्यात बंद पडली, तेव्हा तिने फोनवरून मदत मागवली. गाडी टेम्पोत घालून नेली, तिला स्कॅनर जोडला, पडद्यावर एक क्रमांक आला आणि एक भाग बदलून मिळाला. काय झालं होतं, हे तिला कळलं नाही. विचारायला जागाही नव्हती. ती रस्त्यावर अर्धा तास उभी होती, तेवढ्या वेळात तिच्या बाजूने शेकडो गाड्या गेल्या. कोणी थांबलं नाही, कारण थांबून विचारावं असं कोणाला काही माहीतच उरलेलं नाही.

आमचा गावही तसाच बदलला. २००९मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. जिथे स्कूटर दिसली की कोणाची ते सांगता येई, तिथे आता पार्किंगला जागा मिळत नाही. भाईंदर खाडीपलीकडे दिसत असूनही गाडीने जायला जवळपास ३८ किलोमीटरचा वळसा घ्यावा लागे. २०२४च्या फेब्रुवारीपासून रो-रो बोट सुरू झाली आणि दुचाकी बोटीत चढवून पलीकडे जाता येतं. बाबांना हे पाहायला मिळालं असतं तर ते पहिल्याच आठवड्यात चेतक घेऊन गेले असते. सोयी आल्या त्याचं मला सुख आहे. हळहळ एवढीच की आपल्या हातातल्या यंत्राचं ऐकणं आणि शेजाऱ्याच्या बंद गाडीपाशी थांबणं या दोन्ही सवयी एकाच वेळी गेल्या.

आणि यंत्र नवं झालं म्हणून उभं राहण्याचा आजार गेलेला नाही. उलट आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि वसईच्या दमट, खाऱ्या हवेत ते लवकर घडतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, पत्रा गंजतो, जुन्या गाड्यांचं रबर फुगतं आणि चिरतं. चेतक हे नाव २०२०च्या जानेवारीत पुन्हा आलं ते विजेवरच्या स्कूटरवर. तिला प्लग नाही, जेट नाही, पण तिची बॅटरीही रिकामी ठेवून महिनोन्महिने उभी केली तर खराब होते. साधारण अर्धी भरून ठेवावी आणि अधूनमधून बघावी लागते. जपणूक मागणं हा यंत्राचा स्वभाव आहे. इंधन बदललं म्हणून तो बदलत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी जुनी स्कूटर, वाडीतला पेट्रोलचा पंप, होडीचं इंजिन किंवा किनाऱ्यावर चालवायची चार चाकांची बाइक उभी आहे, त्यांना काकांनी मला सांगितलं तेच सांगतो. कार्ब्युरेटरचं कोणतंही इंजिन असो, नियम एकच. महिन्यापेक्षा जास्त बंद ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा. कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा आणि किक दोनदा हलकेच फिरवा. सायलेन्सरचं तोंड कापडाने बंद करा आणि ते काढायची आठवण किल्लीला बांधून ठेवा. गाडी स्टॅन्डवर अशी उभी करा की टायर जमिनीला टेकणार नाहीत. पाण्यात बुडाली असेल तर किक अजिबात मारू नका, आधी प्लग काढा. आणि उभी होती ती गाडी काढताना क्रम सोडू नका. पेट्रोल, करंट, हवा, कॉम्प्रेशन.

आमची चेतक आता दर रविवारी सुरू होते. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची फेरनोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत ती वाडीच्या वाटेवरच फिरते, बावखलापर्यंत आणि परत. मिस्त्रीकाका महिन्यातून एकदा येतात. मुलगी त्यांच्याकडून प्लग काढायला शिकली. गेल्या खेपेला तिने प्लग उजेडाकडे धरला, नीट पाहिला आणि म्हणाली, "चहाचा रंग आहे. ठीक आहे ना, आजोबा?"

तुमच्या पडवीत, जिन्याखाली, गोठ्यात अशी एखादी गाडी असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा ताडपत्री काढा, किकवर पाय देऊ नका, प्लग उघडून आत पाहा. तुमच्या गावातला जुना मिस्त्री अजून हयात असेल तर त्याला आजच फोन करा, आणि तो येईल तेव्हा घरातल्या मुलांना त्याच्या बाजूला बसवा. गाडीचे सुटे भाग अजून मिळतात. ती उघडून दाखवणारे हात मात्र दर वर्षी कमी होत आहेत.